उभ्याने खाल्लेलं

११ जानेवारी

धाकट्या,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच आणि मग फाड. निदान माझे लिहिण्याचे कष्ट तरी फुकट जाणार नाहीत.

काल तुझी बायको आमच्या कॅन्टीनच्या मागच्या दाराशी आली होती. मी पाव कापत होते. इतक्या वर्षांनी बघितलं तरी लगेच ओळखलं तिला, कारण तुमच्या लग्नाचा फोटो मीच काढलेला. ती म्हणाली, "ताई, ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या." मी "बरं" म्हटलं आणि पाव कापत राहिले. माझ्या हाताखाली एक बाई आहे, सदा घाईत असते म्हणून तिला आम्ही घाईबाईच म्हणतो. तिनं येऊन माझ्या हातातली सुरी काढून घेतली तेव्हा बघितलं, दुसऱ्या दिवसाचेही पाव कापून झाले होते.

आठवड्यातून तीनदा तुला यंत्रावर बसवतात, तिचा रक्तगट जुळत नाही, यादीत नाव आहे पण यादी लांबलचक आहे, हे सगळं तिनं सांगितलं. मग "तुम्ही तपासून बघाल का?" एवढं विचारायला तिला कितीदा तरी घसा साफ करावा लागला. "ह्यांनी पाठवलेलं नाही, शपथ," असंही म्हणाली. ते मला न सांगताच कळलं होतं. जीव गेला तरी तू माझ्या दारात कुणाला पाठवणार नाहीस.

आज मी सुट्टी टाकून तुझ्या हॉस्पिटलात गेले. गट जुळतो. मग मोठ्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं आणि घोडं तिथंच अडलं. म्हणाले, एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही, देणाराच गोत्यात यायचा. आधी वजन इतक्यावर आणा, मग बाकीच्या तपासण्या. एका चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला. तो मी तुला सांगणार नाही. तू हसशील.

तू गहिवरून जावंस म्हणून हे लिहीत नाहीये. माझ्याकडे दोन आहेत, तुझ्याकडे एकही नाही. आपल्यात काय झालं ते झालं, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. फक्त मी चिठोऱ्यावरच्या आकड्यापर्यंत येईतो तुला यंत्रावर जात राहायला हवं. तेवढं कर.

ताई

५ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र कचऱ्याच्या डब्यात टाकलंस आणि संध्याकाळी काढून परत वाचलंस म्हणे. तुझ्या बायकोनं फोन केला होता. आता तिच्यावर डाफरू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

हॉस्पिटलनं मला एक आहारतज्ज्ञ मुलगी नेमून दिली आहे. अंगानं काडी, पण जीभ चांगली धारदार. सगळं जग वाटीनं मोजते. वाटीभर भात, अर्धी वाटी भाजी, पाव वाटी अमुक. मी तिचं नाव वाटीबाई ठेवलं. तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "दिवसातून किती वेळा जेवता?"

मी म्हटलं, "दोनदा."

"खरं सांगा हं."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. जाड माणूस खोटंच बोलणार, असं धरूनच चालतात सगळे. मी म्हटलं, "पोरी, आमच्या कॅन्टीनमध्ये कुणालाही विचार. कामगार जेवून गेले की मी एकदा बसते, आणि घरी गेल्यावर एकदा. दुपारचं तर कित्येकदा राहूनच जातं." आणि हे अक्षर न् अक्षर खरं आहे, धाकट्या. तुला माहीतच आहे, आपल्या आईचंही असंच असायचं. सगळ्यांचं उरकेपर्यंत तिला जेवण माहीत नसायचं, आणि तरी ती दारातून आडवीच बाहेर पडायची.

वाटीबाईनं डोकं खाजवलं. म्हणाली, "मग तुम्ही फार वेळ उपाशी राहता. नंतर भूक अनावर होत असणार. थोडं थोडं सहा वेळा खाऊन बघू या." मला तर हसूच फुटलं. वजन उतरवायचंय म्हणून सहा वेळा खा! अशी डॉक्टरीण मला लहानपणीच का नाही भेटली?

तर सध्या मी सहा वेळा खाते. बशीत चार घास घेते, स्टुलावर बसते, घड्याळात बघते. घाईबाई म्हणते, "ताई, तुमचं तर बाळंतिणीसारखं चाललंय." महिना होत आला. काट्यावर उभी राहिले तर वाटीबाईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. किलोभर वाढलंय.

निराश होऊ नकोस. मी झाले आहे तेवढं एका घराला पुरेसं आहे.

ताई

१८ मार्च

धाकट्या,

आमच्याकडे भाजीची गाडी घेऊन येतो तो ड्रायव्हर पूर्वी गाडीच्या दारात अडकायचा. आता त्याचा पट्टा त्याला दोनदा गुंडाळता येईल. मी विचारलं, काय केलंस रे बाबा? म्हणाला, "काही नाही. दुपारी बारा ते रात्री आठ एवढंच खायचं. बाकी वेळ तोंडाला कुलूप." वाटीबाईला विचारलं तर म्हणाली, काहींना जमतं, काहींना जमत नाही, करून बघा. म्हणजे तिलाही ठाऊक नाही. दोन मोठ्या हॉस्पिटलांत शिकलेली मुलगी मला करून बघा म्हणते, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

केलं. सकाळी काळा चहा, तोही बिनसाखरेचा. बारापर्यंत काही नाही. सहाला कॅन्टीनमध्ये आल्यापासून चार शेगड्या पेटलेल्या, रस्सा उकळतोय, बटाटे तळले जातायत, आणि माझ्या पोटात कावळे. बारापर्यंत नुसती चव बघते तेवढीच. आठनंतर घरी दिवा घालवून पडते, कारण दिवा असला की डोळे फडताळाकडे जातात.

अर्धा किलो उतरलं! मी तुझ्या बायकोला लगेच फोन केला, लहान पोरीसारखा. आणि मग तुझा निरोप आला. "तिला सांग, अर्ध्या किलोसाठी उड्या मारू नकोस, खालच्या मजल्यावर माणसं राहतात."

मी फोन कानाला लावून कितीतरी वेळ हसत होते. मग रडले. किती वर्षांनी तू मला उद्देशून एक वाक्य बोललास, आणि तेही असलं!

आता विषय निघालाच आहे तर बोलते. तुझ्या लग्नात सगळे फोटोला उभे राहिले आणि तू मोठ्यानं म्हणालास, "ताई, तू कॅमेरा धर. तू आलीस तर बाकीचे मावायचे नाहीत." सगळे हसले. तुझी नवी नवरीही हसली, बिचारीला काय ठाऊक. आईसुद्धा हसली. मी फोटो काढला, कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि घरी गेले. तू दोन दिवसांत येशील असं वाटलं होतं. आला नाहीस. मग मीही हट्टाला पेटले. एवढंच ते. लोकांना वाटतं, केवढं भांडण झालं असेल.

आज राग आहे का विचारशील, तर आहे. पण तो त्याच्या जागी, किडनी तिच्या जागी.

यंत्रावर तुझ्या शेजारच्या खुर्चीत एक आजोबा असतात म्हणे, आणि तू त्यांना माझी पत्रं वाचून दाखवतोस. त्यांना नमस्कार सांग. आणि आकडा मी त्यांनाही सांगणार नाही.

ताई

२२ एप्रिल

धाकट्या,

अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या हाताला पट्टी आहे. घाबरू नकोस.

अर्ध्या किलोनंतर काटा हलेचना. मग मी माझं डोकं चालवलं. म्हटलं, सहा वेळा खाऊन होत नाही, दोन वेळा खाऊन होत नाही, तर खायचंच नाही. एक दिवस जेवायचं, एक दिवस कडकडीत उपाशी. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

उपाशी दिवसाचं तुला सांगते. सकाळी फार छान वाटतं, आपण कुणीतरी मोठे झालो असं. अकराला डोकं ठणकायला लागतं. दोनला सगळ्या माणसांचा राग येतो, विशेषतः घास चावत असलेल्या माणसांचा. मी एका कामगाराला "तोंड मिटून खा" म्हणून ओरडले. आणि तेव्हा मला तू आठवलास. तुला दिवसाला किती थोडं पाणी प्यायची परवानगी आहे ते तुझ्या बायकोनं सांगितलंय. बर्फाचा खडा चघळत बसतोस म्हणे. म्हटलं, तो तिकडे तहानलेला, मी इकडे भुकेली. आईची दोन्ही लेकरं, आणि सगळं आयुष्य तिनं आपल्याला खाऊ-पिऊ घालण्यात घालवलं.

गेल्या आठवड्यात अशाच एका दिवशी पातेलं उतरवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी शेगडीवरच हात टेकला. घाईबाईनं ओढलं म्हणून हातावरच निभावलं.

वाटीबाईनं मला असं झापलं की विचारू नकोस! नाकावरचा चष्मा काढून झापलं. "मेलात तर कुणाला देणार किडनी?" मग तीच खुर्ची ओढून जवळ बसली आणि म्हणाली, "काकू, मीही तुम्हाला सहा वेळा म्हटलं, ते चुकलंच. किती वेळा खाता ह्यानं फारसा फरक पडत नाही. दिवसभरात एकूण पोटात किती जातं त्यानं पडतो. आणि तुम्ही सांगता तेवढंच जात असेल, तर तुमचं वजन असं असायलाच नको. काहीतरी आपल्या दोघींच्या नजरेतून सुटतंय."

मी म्हटलं, "मी खोटं बोलत नाही."

म्हणाली, "माहीत आहे मला. म्हणून तर डोकं चालत नाही."

मग तिनं मला एक प्लास्टिकचा झाकणाचा डबा दिला. एक दिवस जे जे तोंडात घालावंसं वाटेल ते तोंडात न घालता ह्या डब्यात टाका, म्हणाली. जेवण सोडून. जेवण जेवा. पोरखेळ वाटतो मला, पण करते.

ताई

२९ एप्रिल

धाकट्या,

डबा साडेनवालाच भरला.

घाईबाईला दुसरा आण म्हटलं, तोही चारच्या आत भरला. पावाच्या कडा. रस्स्याचा एक डाव, मीठ बघायला. थोड्या वेळानं आणखी एक, मीठ घातल्यावर बघायला. तुटलेला बटाटा, कारण तुटलेला ताटात वाढता येत नाही. भाताची खरवड. कुणी अर्धं टाकून गेलेलं उकडलेलं अंडं नाही, तेवढी मी खाली गेलेली नाही. पण सोलताना फाटलेली अंडी, हो. फुटकी बिस्किटं. दुधाच्या पातेल्याची साय बोटानं निपटून. डब्यात सगळं एकमेकांत कालवलं गेलं होतं. मी स्टुलावर बसले आणि ते मांडीवर घेऊन बघत राहिले. मला शिसारी आली, आणि खरं सांगू, भूकही लागली.

वाटीबाईला नेऊन दाखवलं. ती ओरडेल वाटलं होतं. तिनं हळूच विचारलं, "हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "तू विचारलंस, किती वेळा जेवता. हे जेवण कुठंय?"

आणि बोलता बोलता मलाच कळलं. आपल्या घरात जेवण म्हणजे बसून, ताट घेऊन. उभ्याने तोंडात गेलं ते जेवण नव्हेच. आठवतं? आई दिवसभर ओट्याशी उभी असायची, हात आणि तोंड सारखं चालू, आणि चार वाजता कपाळाला हात लावून म्हणायची, "अजून मी जेवले नाही गं." आपण दोघं तिच्यासाठी हळहळायचो. ती खोटं बोलत नव्हती, मीही बोलत नव्हते. आपल्याला तो शब्दच तसा शिकवला होता. बारा ते आठचं कुलूप लावून मी सकाळभर चव बघत होते, आणि कडकडीत उपाशी दिवशीसुद्धा बघत होते. चवीला काय उपास!

आता उभ्याने काही नाही. तोंडात जाईल ते बसून, बशीत. स्वयंपाकात चवसुद्धा बघायची नाही, कारण मला एक डाव घेऊन थांबता येत नाही हे माझं मला कळलंय. मीठ अंदाजानं घालते.

आजोबांना सांग, चोर सापडला.

ताई

२१ जून

धाकट्या,

उतरतंय. दर आठवड्याला थोडं थोडं, पण उतरतंय. वाटीबाईनं काटा बघून टाळी वाजवली.

बाकी इकडे गंमतच झाली. माझा रस्सा परत यायला लागला. एकदा खारट, एकदा अळणी. पंचवीस वर्षं ज्या बाईच्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही, तिचं पातेलं अर्धं भरलेलं परत यायला लागलं. मी घाईबाईला चव बघायला लावायची, पण तिला काय, "ठीक आहे ठीक आहे" म्हणून पुढं पळते. मॅनेजरनं बोलावलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, "ताई, तुमची तब्येत बरी नाही दिसत. तुम्ही आता बटाटे सोलण्याकडे बसा." शेगडीवर घाईबाई आली. तिचा रस्सा मी बसून, बशीत, चमच्यानं खाल्ला. माझ्यासारखा नाही. पण परत येत नाही.

मला काही वाटत नाही. बसून काम असतं, पाय दुखत नाहीत.

वाटतं रे. पण तू आता बोलतोस ना फोनवर, तेव्हा चालेल. परवा तू "काय, किती?" एवढंच विचारलंस, हॅलो नाही की काही नाही. मी म्हटलं, "आकडा सांगणार नाही." तू म्हणालास, "मग लांबी-रुंदी सांग." मेल्या, तू सुधारणार नाहीस.

ताई

८ ऑगस्ट

धाकट्या,

आजोबा गेले ते कळलं. तुझ्या शेजारची खुर्ची आता एका मिशाळ माणसाला दिली आहे आणि तो दिवसभर झोपतो, हेही कळलं.

आणि तू सोमवारी गेला नाहीस, हे पण. भिंतीकडे तोंड करून पडलास आणि म्हणालास, "पुरे. असं बसून बसून शेवटी तेच होणार असेल तर घरीच होऊ दे." तुझी बायको माझ्याकडे येऊन पायरीवर बसली होती. मी बटाटे सोलत होते, तीही सोलायला लागली. दोघींनी मिळून पोतं संपवलं. मग म्हणाली, "ताई, बुधवारी गेले ते. मी म्हटलं, ताईंचं थोडंच राहिलंय. तेव्हा उठले. शर्ट घातला आणि गेले."

म्हणून आज सांगते. आकड्याला फार थोडं उरलंय. ह्या महिनाअखेर होईल. तुझा जुना शर्ट आईच्या ट्रंकेत होता, तो मला अंगात जातो. आरशात बघितलं तर आपल्या मावशीसारखी दिसते, ती सुकलेली होती ना, तशी. कातडी लोंबते. गालफडं बसली. कुणी सुंदर म्हणणार नाही, पण फोटोत मावेन.

आता मी एवढी जवळ आले असताना तू मागं फिरलास तर मी तिथं येऊन तुला मारीन. दयामाया नाही. जा यंत्रावर.

ताई

३ सप्टेंबर

(हे पाठवायचं नाही.)

धाकट्या,

झालं. आकड्याच्या खाली आले. वाटीबाईनं मला मिठी मारली, आणि त्याच दिवशी पुढच्या तपासण्यांना पाठवलं.

आज मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. पडद्यावर चित्र लावलं होतं. एकीकडे बोट ठेवून म्हणाले, ही तुमची किडनी, उत्तम आहे. मग दुसरीकडे बोट ठेवलं. तिथं आक्रोडाएवढं काहीतरी होतं. "ही जन्मापासून वाढलेलीच नाही. काम करत नाही. तुम्हाला कधी कळलंही नसेल." मी म्हटलं, "मग चांगली आहे ती काढा." ते म्हणाले, "ती काढली तर तुम्ही कशावर जगणार, बाई?"

मी त्यांना विचारलं, हे चित्र जानेवारीतच का नाही काढलंत? म्हणाले, पद्धत तशी आहे, आधी वजन, मग पुढचं. वजनावरच बहुतेक लोक थांबतात. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. जळका हात. माझी पातेली गेली, शेगडी गेली, जीभ गेली, आठ महिने मी बशीसमोर बसून घास मोजले, आणि तुमची पद्धत! त्यांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. चांगला माणूस आहे, म्हणून तर आणखी राग आला.

तुझी बायको बाहेर बाकावर होती. तिला माझ्या तोंडावरूनच कळलं. मी तिच्याशेजारी बसले. मग ती म्हणाली, "ह्यांना सांगायचं नाही." मी म्हटलं, "अगं, किती दिवस?" म्हणाली, "यादीत नाव पुढं सरकेपर्यंत. सरकलं तर. ताई, ते तिथं जातात ते तुमच्या वजनासाठी जातात. दुसरं काहीही उरलेलं नाही त्यांच्याकडे." डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, तुमच्या तपासण्या तुमच्या आहेत, आम्ही कुणाला सांगत नाही.

पण तू खुळा नाहीस. वजन झालं म्हटलं की तारीख विचारशील. म्हणजे वजन होऊन चालणार नाही. आणि तू पुढच्या महिन्यात येणार आहेस, स्वतः काट्यावर उभं करणार म्हणतोस मला. मी ही अशी दिसले तर एका नजरेत ओळखशील.

म्हणून मला वजन वाढवायला हवं. पटापट, पंधरा-वीस दिवसांत, डोळ्यांना दिसेल इतकं.

आज घरी येताना पाव आणला, लोणी आणलं, बिस्किटांचे पुडे आणले. बसून खाल्लं, उभ्याने खाल्लं. धाकट्या, घास गिळवत नाही रे. जन्मभर जे हवं होतं ते सगळं टेबलावर आहे, कुणी अडवणारं नाही, आणि मला पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावं लागतंय. दोनदा उलटून पडलं. पुन्हा खाल्लं.

तू मला खादाड म्हणशील. एवढं हातातोंडाशी आलेलं हिनं जिभेपायी घालवलं, म्हणशील. फोन बंद करशील. आत्ता कुठं बोलायला लागला होतास.

म्हण. चालेल मला. मला चालत नाहीये, पण चालेल.

९ सप्टेंबर

धाकट्या,

वाईट बातमी आहे, आणि ती मीच सांगितलेली बरी. काटा परत वर गेलाय. थोडाथोडका नाही. वाटीबाई माझ्याशी बोलत नाही.

काय झालं म्हणून विचारू नकोस. घाईबाईच्या घरी कसलंसं जेवण होतं, मी म्हटलं एक दिवस चालतं, आणि मग एकाचे चार झाले. तुला माझी जीभ ठाऊक आहे. जित्याची खोड आहे, सुटत नाही. सकाळी पाव, दुपारी पाव, संध्याकाळी बिस्किटं. आत्ताही लिहिताना तोंड चालूच आहे, कागदावर डाग पडलाय तो लोण्याचा.

डॉक्टर म्हणाले, काही हरकत नाही, पुन्हा उतरवा, मग पुढच्या तपासण्या करू. आणखी चार-सहा महिने लागतील. पुढच्या महिन्यात तू येशील तेव्हा मला बघून तुझं डोकं फिरेल. फिरू दे. काट्यावर उभी कर, तोंडाला येईल ते बोल, शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ दे. मी एक शब्द उलट बोलणार नाही.

फक्त तोवर सोमवार, बुधवार, शुक्रवार चुकवू नकोस. तू गेला नाहीस तर मी कुणासाठी उतरवू? मी उतरवणार आहे. एकदा जमलंय, पुन्हा जमेल. थोडा वेळ दे मला.

ताई